उंबरठ्यावरचे ठिपके

सकाळी माज दाखवला तर गाय संध्याकाळी भरवायची, हा आमच्याकडचा नेम. त्यामुळे डॉक्टर दिवेलागणीला आले. कृत्रिम रेतन करणाऱ्या प्रत्येकाला गावात डॉक्टरच म्हणतात. मोटारसायकलला बांधलेला नायट्रोजनचा कॅन त्यांनी सोडवला, झाकण उघडलं तसा पांढरा धूर काठावरून खाली सांडला, आणि चिमट्यानं त्यांनी एक कांडी वर काढली. खराट्याच्या काडीएवढी बारीक, आत पाव मिलिलिटर माल. उणे १९६ अंशांत झोपलेला तो जीव कोमट पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट धरून त्यांनी जागा केला.

"ही सॉर्टेडची. कालवडच होणार. शंभरात नव्वद," डॉक्टर म्हणाले.

आमचं गाव नरसिंहपूर. इंदापूर तालुक्याचं अगदी टोक, जिथं नीरा भीमेला मिळते. धाकट्या भावाच्या गोठ्यात पाच एचएफ गायी आहेत आणि त्यांच्या दुधावर घर चालतं. गोऱ्हा झाला की त्याचा चेहरा पडतो. औत ट्रॅक्टरनं खाल्लं, बाजारात गिऱ्हाईक नाही, आणि खायला तर त्यालाही लागतंच. म्हणून तो सॉर्टेडची जास्तीची किंमत मोजतो. पण त्या संध्याकाळी कांडी गायीत गेल्यावर त्याला शंका आली.

"ताई, एवढ्याशा थेंबात लाखो असत्यात म्हणं. त्यातलं नर कुठलं न् मादी कुठली, मशिनीला कळतं कसं गं?"

मी लगेच काही बोलले नाही. उत्तर ठाऊक होतं, पण गोठ्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, तिथं गेली कित्येक वर्षं याच जातीचं एक यंत्र माझ्या ताब्यात आहे. फ्लो सायटोमीटर. वाहत्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र. वय वीसच्या पुढे, रंग कधीकाळी पांढरा. त्याला जोडलेल्या संगणकात पेनड्राइव्ह चालत नाही, माहिती सीडीवर उतरवावी लागते. गावाला निघायच्या आदल्याच दिवशी माझ्या टेबलावर कार्यालयाचा कागद आला होता : सदर उपकरणाचे निर्लेखन करावे अगर कसे, याबाबत अहवाल सादर करावा.

निर्लेखन. सरकारी मराठीत यंत्र मरतं तेव्हा त्याला हा शब्द लावतात.

भावाला मी दुसऱ्या दिवशी समजावलं ते उसाच्या काट्यावरून. आमच्या भागात काटा म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. गाडी काट्यावर चढते, आकडा पडतो, आणि त्या आकड्यावर वर्षभराचा संसार ठरतो. फ्लो सायटोमीटर हा पेशींचा काटा आहे. फक्त इथं वजन होतं ते उजेडाचं.

गायीच्या बीजांडात एक्स गुणसूत्र ठरलेलंच असतं. वळूच्या निम्म्या शुक्राणूंत एक्स, निम्म्यांत वाय. एक्स गेला तर कालवड, वाय गेला तर गोऱ्हा. बाकीची २९ गुणसूत्रं दोन्हीकडे तीच. पण एक्स अंगानं थोराड आणि वाय किडकिडीत, त्यामुळे मादीचा शुक्राणू डीएनएच्या हिशेबात थोडा भारी भरतो. किती? सुमारे ३.८ टक्के. दहा टनांच्या गाडीत पावणेचार क्विंटल ऊस जास्त, एवढाच फरक. काटा चांगला असेल तर हा फरक दिसतो. काटा डुलत असेल तर दोन्ही गाड्या सारख्याच.

आता हे वजन करायचं कसं? डीएनएला चिकटणारा एक रंग शुक्राणूंना पाजतात. जितका डीएनए जास्त तितका रंग जास्त, आणि अतिनील लेझरच्या झोतातून जाताना तितकी निळसर चमकही जास्त. ती चमक मोजायची. ही युक्ती अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात लॉरेन्स जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवली. वेगळ्या काढलेल्या शुक्राणूंपासून सशाची पिल्लं जन्मल्याचं त्यांनी १९८९ मध्ये जाहीर केलं. गंमत म्हणजे वळूच्या शुक्राणूचं डोकं चपटं असतं, वल्ह्याच्या पात्यासारखं. ते लेझरसमोर आडवं आलं तर एक चमक, कडेनं आलं तर वेगळीच. म्हणून यंत्राच्या तोंडाचा आकार असा करावा लागला की प्रत्येक शुक्राणू वळून सरळ तोंड दाखवूनच पुढे जाईल.

माणसात हाच फरक २.८ टक्के आहे. म्हणजे काम अवघड, पण अशक्य नाही. आपल्याकडे गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही २००३ च्या दुरुस्तीपासून कायद्यानं बंदी आहे. गोठ्यात मुलगी व्हावी म्हणून जास्तीचे पैसे मोजणारा समाज माजघरात काय करत आला, हे इथं उगाळत बसत नाही.

पण काट्यावर एका वेळी एकच गाडी चढली पाहिजे, खरी मेख तिथं आहे. लाखो पेशींना एका रांगेत आणायचं कसं? पेशींना कुणी चोपदार नसतो.

पंढरपूर आमच्याच भीमेच्या काठी, खाली उतारावर आहे. आषाढीला तिथं दर्शनबारी बघितली असेल तर पुढचं सोपं जाईल. माणसं येतात ती चहूकडून, लोंढ्यानं. मग दोन्ही अंगांनी कठडे जवळ येत जातात, गर्दी बारीक होत होत एकेरी होते आणि विठोबासमोर प्रत्येक जण एकटा उभा असतो, क्षणभर. पाठीमागून रेटा असतोच. सायटोमीटरमध्ये कठडे लोखंडाचे नसतात, पाण्याचे असतात. मधोमध पेशी असलेला द्रव बारीक धारेनं सोडायचा आणि त्याच्या चारी अंगांनी स्वच्छ खारं पाणी वेगानं वाहू द्यायचं. वाट अरुंद होत जाते तसं बाहेरचं पाणी आतल्या धारेला आवळत जातं आणि ती केसाहूनही बारीक होते. इतकी की पेशींना एकामागे एक चालण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. लंडनच्या क्रॉसलँड-टेलर यांनी १९५३ मध्ये रक्तपेशी मोजायला ही युक्ती वापरली. आजचं सगळ्यात महागडं यंत्रही तिच्यावरच चालतं.

आणि यातलं खरं नवल वेगळंच आहे. ही दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. मध्ये पडदा नाही, भिंत नाही, तरी नाही. संगमावर वाढलेल्या कुणालाही हे अर्धं ओळखीचं वाटेल. वरून वीर धरणाचं पाणी सुटलं की नीरा तांबडी, गढूळ येते. भीमा येते ती उजनीच्या भिंतीआडून, गाळ मागे ठेवून. घाटावर उभं राहिलं की काही अंतर दोन रंग शेजारी शेजारी चालताना दिसतात, आणि मग भोवऱ्यांत त्यांचा मेळ होतो. नदीत मेळ होणारच. पाणी खोल, पात्र रुंद. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवलं की वेग, रुंदी आणि द्रवाचा चिकटपणा यांचा एक हिशेब असतो. तो ठरावीक आकड्याच्या खाली राहिला तर धार सरळ चालते, वर गेला की भोवरे उठतात. नळीसाठी तो आकडा दोन हजारांच्या आसपास. नदीचा हिशेब लाखांत जातो. सायटोमीटरची वाट मिलिमीटरच्या अंशाएवढी अरुंद, म्हणून तिथं पाणी सेकंदाला पाच-सहा मीटर धावत असूनही शिस्त सोडत नाही. न मिसळणारा संगम, असं मी भावाला सांगितलं. त्याला ते पटलं नाही. संगम म्हटल्यावर मिसळायलाच पाहिजे, हे त्याचं म्हणणं.

लेझरचा झोत त्या धारेला आडवा मारलेला असतो. पेशी त्यातून जाते तो वेळ तीन-चार मायक्रोसेकंदांचा. तेवढ्यात तिची झडती होते. समोर किती प्रकाश विखुरला, त्यावरून आकाराचा अंदाज. बाजूला किती विखुरला, त्यावरून आतल्या खडबडीतपणाचा. आणि तिला चिकटवलेले रंग कुठल्या छटेत किती चमकले, त्यावरून ती कोण, कुठल्या कुळातली. प्रत्येक पेशीचा पडद्यावर एक ठिपका उमटतो. दहा हजार पेशी, दहा हजार ठिपके. मग पांगलेल्या चांदण्यांत नक्षत्रं दिसावीत तशा टोळ्या दिसू लागतात.

त्यातून हवी ती पेशी उचलून बाजूला काढायची, ही करामत त्याच्या पुढची. अमेरिकेत लॉस अलामोसला मॅक फुलवायलर यांनी १९६५ मध्ये त्यासाठी शाईच्या फवाऱ्यानं छापणाऱ्या यंत्राची युक्ती उचलली. धारेला थरथर द्यायची म्हणजे तिचे सारखे थेंब पडतात. ज्या थेंबात हवी ती पेशी असेल, त्याला पडता पडता विजेचा भार द्यायचा, आणि खाली दोन पट्ट्यांमधल्या विद्युतक्षेत्रानं त्याला डावीकडे किंवा उजवीकडे ओढायचं. सेकंदाला हजारो थेंब, आणि प्रत्येकाचा निवाडा स्वतंत्र. स्टॅनफर्डच्या लिओनार्ड हर्झेनबर्ग यांनी या यंत्राला चमकणारे रंग आणि लेझर यांची जोड देऊन ते जीवशास्त्राच्या हातात दिलं. २००६ चा क्योतो पुरस्कार त्यांना मिळाला.

आपल्याकडे उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था उभी केली तेव्हा संकरित गाय घरोघर पोचवणं हेच स्वप्न होतं. आता गोष्ट कालवड निवडण्यापर्यंत आली आहे. देशी बनावटीच्या लिंगनिवड तंत्राचं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमला झालं, तेव्हा मात्रेमागे सुमारे २०० रुपये वाचावेत असा उद्देश सांगितला गेला. काही ठिकाणी तर शुक्राणू वेगळे काढतच नाहीत. नको त्या वायवर दुसऱ्या लेझरचा फटका मारून त्याला जागीच निकामी करतात आणि सगळे एकत्रच कांडीत भरतात. साध्या कांडीत दोन कोटींच्या आसपास शुक्राणू असतात. सॉर्टेडच्या कांडीत वीस लाख. एवढ्या झडतीतून गेलेला माल थोडा थकलेलाही असतो, म्हणून गाय उलटण्याचं प्रमाण जास्त. डॉक्टर हे सांगतात, पण हळू आवाजात.

आमचं म्हातारं यंत्र यातलं काही करू शकत नाही. त्याला अतिनील लेझर नाही, चपटी डोकी सरळ करणारं तोंड नाही. ते फक्त मोजतं. पण काटा म्हणून त्याची लायकी किती उरली आहे, हे ठरवण्याची पद्धत तीच. पुण्याला परतल्यावर मी त्या कामाला लागले.

वैधमापनवाले काटा तपासायला येतात ते स्वतःची प्रमाणित वजनं घेऊन. आमची वजनं म्हणजे प्लॅस्टिकचे मणी, पेशीपेक्षाही लहान, ठरावीक चमक भरलेले. रोज सकाळी पहिला नमुना त्यांचाच. मणी ठरलेल्या रेघेवर पडावेत म्हणून डिटेक्टरला किती व्होल्टेज द्यावं लागलं, ते वहीत लिहायचं. एका दिवसाचा आकडा काहीच सांगत नाही. पण मी गेल्या सहा वर्षांच्या वह्या काढल्या आणि आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले, तेव्हा रेघ चढत गेलेली दिसली. आजोबांशी बोलताना आपण वर्षागणिक आवाज चढवत जातो, तसं. एका दिवशी रेघ अचानक पायरीसारखी खाली आली होती. वहीत बघितलं तर त्या दिवशी काचेची वाट साफ केल्याची नोंद होती. म्हणजे सगळाच दोष म्हातारपणाचा नव्हता, थोडा चष्म्यावरच्या धुळीचाही होता.

लेझरचं तसंच. आतली आर्गॉन वायूची नळी झिजत जाते, तरी उजेड तेवढाच ठेवायचा म्हणून यंत्र तिला जास्त करंट पुरवतं. बाहेरून काही कळत नाही. करंटचा आकडा बघितला तरच कळतं की माणूस पूर्वीइतकंच चालतोय, पण धापा टाकत. कान असले तर पंख्याच्या आवाजावरूनही कळतं. माझी हाताखालची पोरं मला हसतात, पण दाराबाहेरून मी सांगू शकते की आज नळी खुशीत आहे की नाही.

मग आठ प्रकारचे मणी. एकाच बाटलीत आठ चमकींचे, अगदी कोऱ्यापासून लखलखीत मण्यापर्यंत. पडद्यावर आठ शिखरं दिसायला हवीत. लखलखीत मण्यांची शिखरं सुरेख वेगळी आली, पण तळाची दोन, कोरा आणि त्याच्यावरचा अंधुक, एकमेकांत मिसळून एकच बुटका उंचवटा झाला. अहवालात मी लिहिलं की मंद चमक ओळखण्याची क्षमता गेलेली आहे. लिहिताना वाईट वाटलं. मोतीबिंदू झालेल्याला दुपारी सगळं नीट दिसतं. कातरवेळी पंचाईत होते.

शेवटची परीक्षा मला सगळ्यात आवडते. त्यासाठी मंडईमागच्या कोंबडीवाल्याकडून थोडं रक्त आणलं. रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेली नळी मी पुढे केली तेव्हा त्यानं काही विचारलं नाही. वर्षानुवर्षं न्यायला येणारी बाई म्हणून त्यानं मला कुठल्या तरी खात्यात जमा केलेलं असावं. आपल्या तांबड्या पेशींना केंद्रक नसतं, पण कोंबडीच्या असतं. साबणासारख्या द्रावणानं पेशीचं कवच उतरवलं की नुसती केंद्रकं हाती येतात, प्रत्येकात सुमारे अडीच पिकोग्रॅम डीएनए. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. निसर्गानंच पाडलेली ही वजनं, सगळी अगदी सारखी. त्यांना तांबूस रंग पाजायचा आणि काट्यावर चढवायचं. काटा परिपूर्ण असता तर सगळे ठिपके एकाच रेघेवर पडले असते. खऱ्या काट्यावर एक शिखर मिळतं, आणि ते जितकं अरुंद तितका काटा खरा. रुंदी ३ टक्क्यांच्या आत असावी असा आमच्यातला दंडक.

पहिल्या दिवशी ४.६ आली. म्हणजे आमच्या काट्यावर कालवडीची आणि गोऱ्ह्याची गाडी एकच. ३.८ टक्क्यांचा फरक ४.६ च्या डुलण्यात कुठल्या कुठे वाहून गेला असता.

देखभालीचा करार केव्हाच संपला होता आणि पुरवठादाराचं उत्तर छापील होतं : या मॉडेलचे सुटे भाग आता मिळणार नाहीत. मग मी स्वतःच बसले. ब्लीच पाच मिनिटं, शुद्ध पाणी पाच मिनिटं, पुन्हा ब्लीच, पुन्हा पाणी. खाऱ्या पाण्याची टाकी उघडली तर तोंडाशी मिठाचे पांढरे खडे. गाळणी बदलली. कडक झालेली एक रबरी नळी कापून तिच्या जागी नवी बसवली. मग नमुन्याची धार सगळ्यात मंद ठेवली, कारण धार जितकी बारीक तितकी पेशी झोताच्या मधोमध. चौथ्या दिवशी सकाळी आकडा पडला : २.८.

त्या मोठ्या शिखराच्या उजवीकडे, बरोबर दुप्पट अंतरावर, एक पिटुकलं शिखर असतं. ती चिकटून गेलेली जोडकेंद्रकं, हात धरून बारीतून जाणारी दोघं. त्यांना एक समजलं तर हिशेब चुकतो, म्हणून एरवी आम्ही त्यांना गाळून टाकतो. पण काटा तपासताना तीच उपयोगी पडतात. दोघांचं वजन एकाच्या दुप्पट भरलं पाहिजे. १.९५ ते २.०५ मध्ये आलं तर काटा सरळ. आमचं १.९८ आलं. मी चहा प्यायला गेले.

हे आकडे म्हणजे नुसती तांत्रिक हौस नव्हे. भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. १ एप्रिल २००४ पासून देशात एचआयव्हीची औषधं सरकारतर्फे फुकट मिळू लागली. तेव्हा लक्षणांइतकाच भरवसा एका आकड्यावर होता : रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये सीडी-फोर पेशी २०० च्या खाली गेल्या की औषध सुरू. पेशी मोजत होती ती हीच यंत्रं. १९० आणि २१० मध्ये काट्याच्या डुलण्याएवढंच अंतर. पुढे ती रेघ ३५० वर गेली, मग ५०० वर, आणि २०१७ मध्ये पुसली गेली. आता निदान झालं की औषध. पण ज्या वर्षांत रेघ होती, त्या वर्षांत सकाळी मणी चालवणाऱ्या कुणा तंत्रज्ञाच्या हातात काय होतं, याचा विचार आला की मी माझ्या वहीतली खाडाखोड जरा नीट करते.

आता उंबरठ्याचं. आमच्या गावच्या देवाची कथा घरोघरी ठाऊक आहे. मूर्ती प्रल्हादानं वाळूची केली, असं गाव मानतं. ना आत ना बाहेर, ना दिवस ना रात्र, अशा उंबरठ्यावर नरसिंहानं हिरण्यकशिपूला धरलं. सायटोमीटरलाही उंबरठा लागतो. धारेतून पेशीच जातात असं नाही. धूळ, पेशींचे तुकडे, हवेचे बुडबुडे, शिवाय विजेचा स्वतःचा गोंगाट. हे सगळं मोजत बसलं तर यंत्र बुडेल. म्हणून एक पातळी ठरवून द्यायची : हिच्याखालचं काही आत घेऊ नकोस. उंबरठा खाली ठेवला तर कचरा घरात, वर ठेवला तर पाहुणा बाहेर.

समुद्रावर एकदा असा पाहुणा बाहेर राहता राहता वाचला. १९८५ च्या सुमाराला सॅली चिझम आणि रॉब ओल्सन अटलांटिकमध्ये जहाजावर सायटोमीटर घेऊन पाण्यातले सूक्ष्म शैवाल मोजत होते. पडद्याच्या तळाशी, अगदी उंबरठ्याला चिकटून, मंद ठिपक्यांचा एक थर सारखा दिसायचा. विजेचा गोंगाट असेल, असंच आधी वाटलं. पण पाणी जसजसं खोलचं घ्यावं तसतसे ते ठिपके लाल रंगात उजळ होत गेले. विजेच्या गोंगाटाला समुद्राची खोली कशी कळणार? ते जीव होते. खालच्या अंधारात कमी उजेड मिळतो म्हणून जास्त हरितद्रव्य साठवणारे, अर्ध्या-पाऊण मायक्रॉनचे. १९८८ मध्ये 'नेचर'मध्ये ते जगापुढे आले. त्यांचं नाव प्रोक्लोरोकॉकस. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांत इतक्या संख्येनं दुसरं कुणीही नाही, आणि तोवर कुणाला त्यांचा पत्ता नव्हता. ती यंत्रंही तेव्हा काही फार तीक्ष्ण नव्हती.

हे वाचल्यापासून मनात होतं. म्हणून ऑगस्टमध्ये गावाहून परतताना मी दोन बाटल्या आणल्या होत्या. एक नीरेच्या अंगाची, एक भीमेच्या. घाटावर वाकून भरताना शेजारची काकू म्हणाली, "गंगेचं न्यायचं सोडून हे गढूळ कशाला गं नेतीस?" पाणी बारीक जाळीतून गाळलं, कारण उजनीकडून येणाऱ्या शैवालाच्या गुठळ्या वाट तुंबवतात. मग कसलाही रंग न घालता यंत्राला लावलं. शैवालाला रंग पाजावा लागत नाही. निळा लेझर पडला की हरितद्रव्य आपणहून गडद लाल चमकतं.

पहिल्यांदा उंबरठा आकारावर ठेवला. नीरेची बाटली लावली आणि पडदा क्षणात काळा झाला. गाळ. भोरपासून फलटण-बारामतीपर्यंतची माती, कण कण करून माझ्या म्हाताऱ्या यंत्रासमोरून रांगेत चालली होती, आणि यंत्र इमानदारीनं प्रत्येक कणाला ठिपका देत होतं. मग उंबरठा हलवला. आकार नको, लाल चमक बघ, एवढाच हुकूम. पडदा पुसल्यासारखा रिकामा झाला. सगळी माती जागच्या जागी होती, धार तीच होती, पण यंत्राला ती दिसेनाशी झाली. आणि त्या मोकळ्या पडद्यावर एक ठिपका उमटला. मग दुसरा. मग थोड्या अंतरानं तिसरा.

भीमेच्या बाटलीत ते भराभर येत गेले. उजनीत पाणी साचून राहतं, ११७ टीएमसींचं धरण, शहरांचं सांडपाणी पोसायला आहेच. शैवालाला आणखी काय पाहिजे? दोन टोळ्या दिसल्या. एक फक्त निळ्या लेझरला लाल चमकणारी, आणि दुसरी तांबड्या लेझरलाही उत्तर देणारी. ती निळ्या-हिरव्या शैवालाची, उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवंगार करून टाकणाऱ्या कुळातली. दोन बाटल्यांवरून नद्यांचा निवाडा कुणी करू नये. पण तळाशी, उंबरठ्याला चिकटून, मंद ठिपक्यांचा एक थर मलाही दिसत होता. जीव असतील. नाहीतर झिजलेल्या नळीची कुरकुर असेल. आठ मण्यांतली तळाची दोन शिखरं ज्या यंत्राला वेगळी दिसत नाहीत, त्याला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. शुद्ध पाणी लावून बघितलं. थर थोडा विरळ झाला, पण गेला नाही.

अहवालात मी तीन ओळी लिहिल्या. मंद चमकीच्या कामास अयोग्य. डीएनए मोजणी, ठळक खुणांच्या पेशी आणि विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण यांस योग्य. निर्लेखन करू नये. समितीची बैठक लांबत लांबत एप्रिलमध्ये झाली. एका सदस्यांनी विचारलं, "म्हणजे यंत्र चालू आहे की बंद?" छापील तक्त्यात तेवढे दोनच रकाने होते. मी 'चालू'वर खूण केली.

मे महिन्यात नृसिंह जयंतीच्या यात्रेला गावी गेले होते. आदल्या रात्री गाय व्याली. भावानं मला उठवलं नाही, पहाटे गोठ्याच्या दारात कंदील धरून उभा होता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "गोऱ्हा."

शंभरात नव्वद म्हणजे काय, ते मी त्याला पुन्हा समजावायला लागले. त्यानं ऐकून घेतलं. पिल्लू चांगलं थोराड होतं, कपाळावर पांढरा चांद, उभं राहायची धडपड चाललेली. सकाळी आई धारा काढायला आली तेव्हा तो तिला सांगत होता की याचं नाव ठरलं. दहा टक्के.